दोन वेढे

लिहितात स्लेथवेट, म्हणतात स्लॉविट.
सत्तावीस वर्षं झाली, माझी जीभ अजून
दोन्हींच्या मध्येच कुठेतरी अडखळते.

मागच्या ऑक्टोबरात ए-लेव्हलच्या वर्गात
मी फळ्यावर एक टेकाड काढलं.
उभा अक्ष बलाचा, आडवा काळाचा.
टेकाडाखाली तिरप्या रेघा ओढल्या:
हे क्षेत्रफळ, हेच संकलन, हाच आवेग.
मागच्या बाकावरून जॅरेड हिंचलिफ म्हणाला,
"पण मिस, ते असतं कुठे?"
तास संपायला चार मिनिटं होती.
मी म्हटलं, "परीक्षेत. दोन मार्कांना."
वर्ग हसला. तोही हसला.
नाताळनंतर हजेरीत त्याचं नाव नव्हतं.

आज मार्चातला शनिवार, कालव्यावर.
लॉकच्या वरच्या दाराची ही लांब ओकची तुळई,
टोक पांढरं रंगवलेलं,
त्यावर कुणाच्या तरी चहाच्या मगचा गोल डाग.
यूनिस साइक्स, इथली बहात्तर वर्षांची स्वयंसेविका,
खिशात हात घालून म्हणते, "ढकलून बघ की."

मी पाठ लावते. जमिनीतल्या उचललेल्या विटांना
टाचा अडकवते आणि रेटते.
दार ढिम्म.
मांड्या थरथरतात, कण्यावरून घाम उतरतो,
आणि माझ्यातली मास्तरीण कोरड्या आवाजात वाचते:
विस्थापन शून्य, सबब कार्य शून्य.
काळाच्या वहीतही काही शिल्लक नाही,
जेवढं मी दाराला, तेवढंच जमिनीनं मला.
माझ्या वडिलांनी एका बांधाच्या खटल्यात
तेवीस वर्षं असाच रेटा दिला होता.
निकाल: जैसे थे.
त्यांची थरथर कुठल्या वहीत मांडायची,
हे मला कुणी शिकवलं नाही.

"पाणी समान होऊ दे," यूनिस म्हणते,
"तोवर बस."
झडपेतून पाणी घुसतं, फेसाळतं, मग शहाणं होतं.
कुठेतरी लाकडाचा एक सुस्कारा,
आणि तेच दार, तीच मी,
पण आता पाऊल पुढे पडतं.
पावलागणिक थोडं बल, पावलागणिक थोडी जमा,
सहा पावलं, सात.
सगळं मिळून भरेल पोळीच्या एका घासाहून कमी.
एवढंच कार्य.

मग नाव आली.
कोळशाच्या गोण्या, डिझेलचे कॅन, अठरा टन,
चालणाऱ्या माणसाहूनही सावकाश,
म्हणून जास्तच भीतीदायक.
मागे सुकाणूपाशी दाढीवाला पोरगा.
"मिस!"
दोर माझ्या अंगावर आला. मी तो गच्च धरला,
आणि त्यानं माझे तळवे सोलत नेले.
जॅरेड काठावर उतरला, हातातून दोर घेतला,
"असं नाही. खुंट्याला दोन वेढे.
मग सोडत सोडत धरायचं."

दोर कुरकुरला, ओला,
थोडा निसटला, थोडा आवळला.
खालच्या दारावर नाव आदळली असती
तर एक सुळका झाला असता, उंच, क्षणभराचा,
आणि आत काहीतरी तुटलं असतं.
त्यानं काढलं लांबट, बुटकं टेकाड,
नऊ सेकंदांचं.
क्षेत्रफळ तेच. रतीभरही सूट नाही.
संवेग पुरता फेडावाच लागतो,
हप्ते तेवढे आपण पाडायचे.

दारापासून हातभर अंतरावर
अठरा टन थांबले, कुणालाच न कळता.

"हात लावा," तो खुंट्याकडे बोट करून म्हणाला.
दोर जिथून घसरत गेला होता
तिथलं लोखंड कोमट होतं.
वीतभर वीतभर सरकताना
नावेची चाल इथे येऊन बसली होती.

मी म्हणणार होते, जॅरेड, हे बघ, ते इथे असतं.
पण तो खालच्या झडपांकडे निघून गेला होता,
शीळ घालत, किल्ली खांद्यावर टाकून.
यूनिसनं विचारलं, चहा घेणार का.
हो म्हटलं,
पण खुंटा गार होईपर्यंत
हात काढला नाही.